नसलेल्या मशीनचं दुखणं

जालना जिल्हा झाला आणि गावातल्या बऱ्याच माणसांना एकाएकी वाटायला लागलं की आता आपल्याला एखादा छंद असायला हवा. औरंगाबादपासून सुटलो, स्वतःचा कलेक्टर मिळाला, कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्याने रंगवून झाल्या. मग जिल्ह्याच्या ठिकाणची माणसं म्हणून थोडं वजनाने राहायला नको का? कुणी कुंड्यांत गुलाब लावले, कुणी पोस्टाची तिकिटं जमवायला घेतली. आमच्या पाटबंधारे खात्यातल्या हेडक्लार्कने बासरी विकत घेतली आणि चार महिन्यांत घरमालकाने त्याला खोली खाली करायला लावली. मी त्याच खात्यात कारकून होतो. कालव्यात पाणी नसायचं, त्यामुळे टेबलावर कामही नसायचं. मला गाण्याच्या तबकड्यांचा नाद लागला.

नाद लागला हे जरा मोठेपणाचं झालं. पहिली तबकडी मी कव्हरवरच्या बाईसाठी घेतली, हे लपवण्यात काही अर्थ नाही. मोंढ्यामागच्या भंगारवाल्याकडे सायकलचं पायडल बघायला गेलो होतो. तिथे तेलाच्या डब्यांना टेकून ती बाई हिरव्या साडीत उभी होती आणि थेट माझ्याकडे बघत होती. भंगारवाल्याने पायडलवर ती जवळजवळ फुकट दिली. कॅसेट यायला लागल्या होत्या, त्यामुळे लग्नात भोंगे लावणारे लोक तबकड्यांची पोतीच्या पोती भंगारात घालत होते.

घरी जाताना हातातलं घड्याळ बंद पडलेलं दिसलं, म्हणून जुन्या जालन्यात घड्याळ दुरुस्त करणाऱ्या अण्णांच्या दुकानात शिरलो. साठीला आलेला, उंच, कायम एका डोळ्याला भिंग लावलेला माणूस. त्यांनी माझ्या घड्याळाकडे बघितलंच नाही. काखेतली तबकडी काढून घेतली, दोन तळव्यांमध्ये कडेने धरली आणि ट्यूबलाईटखाली तिरपी केली. शेजारच्या स्टुलावर एक गुरुजी बसले होते, वडीगोद्रीच्या शाळेतले. त्यांच्याही मांडीवर तबकड्यांची पिशवी होती.

"मशीन कोन्ती हाये तुमच्याकडं?" अण्णांनी विचारलं.

दोघंही माझ्याकडे अशा आशेने बघायला लागले की नाही म्हणायला जीभ वळेना. मी म्हटलं, "जुनी आहे. वडिलांची."

"लाकडी?"

"लाकडी."

"झाकनाची?"

"झाकणाची."

माझे वडील धावड्याला शेती करायचे. त्यांनी जन्मात घेतलेली एकमेव मशीन म्हणजे पाठीवरचा फवारणीचा पंप, आणि तोही गळका. पण अण्णांनी मान हलवली, माझं घड्याळ बिनपैशाने चालू करून दिलं आणि म्हणाले, "ऐतवारी येत जा. आमी दोघंच असतो. तिसरा पायजेच व्हता."

घरी बायकोने तबकडी उलटीपालटी करून बघितली आणि साधा प्रश्न विचारला, "वाजवायची कशावर?" मी म्हटलं, "बघू." ते 'बघू' अकरा वर्षं चाललं.

दर रविवारी दुपारी अण्णांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही बसायचो. आठवड्यात नवी तबकडी मिळाली असेल त्याने ती आणायची आणि दाखवायची. या दाखवण्याला अण्णांनी घालून दिलेले नियम होते. पहिला नियम, तबकडी घरी वाजवून आणायची नाही. मिळाली तशी, टॉवेलात गुंडाळून, कोरी आणायची. आधी ऐकून आलेला माणूस चांगलं गाणं यायच्या वेळी बाकीच्यांच्या तोंडाकडे बघत बसतो, ते अण्णांना खपायचं नाही. दुसरा नियम त्याहून कडक होता. वाजवून झाली की प्रत्येकाने तिची एक खोड काढायची. तारीफ बंद. "तारीफ केली की मानूस फुगतो आन् तबकडीला नजर लागते," असं अण्णांचं म्हणणं. पहिल्या नियमाचा मला किती फायदा होता हे त्यांना कुठे ठाऊक होतं. घरी वाजवायचीच नाही, तर वाजवायला काय आहे हे कोण विचारणार?

मग चालायचं ते मुलगी बघायला गेल्यासारखं. टॉवेल उघडायचा. घराणं विचारायचं: कुठे मिळाली, कुणाच्या भोंग्यावर होती, किती लग्नं पाहिली. अण्णांच्या बायकोकडून पोहे यायचे. अण्णांची मशीन मोठी, चकचकीत, घड्याळासारखी तेल घालून ठेवलेली. ते स्वतःच्या हाताने सुई टेकवायचे, आम्ही तिघं जमिनीकडे बघत ऐकायचो, आणि संपली की खोडी सुरू.

"बाई बराबर गाती," अण्णा म्हणायचे, "पन तबलेवाल्याला घरी जायची जल्दी झाल्ती."

"सनई वाजवणाऱ्याला पडसं झालंय," गुरुजी म्हणायचे.

काय काय ऐकलं त्या खोलीत. गुरुजींनी एकदा इंग्रजी बोलायला शिकवणारी तबकडी आणली. त्यात एक साहेब वाक्य बोलायचा आणि मग आपण ते म्हणावं म्हणून थांबायचा. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या गुरुजींना एकही वाक्य तेवढ्या वेळात म्हणता आलं नाही. दरवेळी ते अर्ध्यावर असताना साहेब पुढे निघून जायचा. अण्णांनी खोड काढली की साहेबाला दम धरवत नाही. मी एकदा कव्हरवर नाचणारी बाई बघून तबकडी आणली तर आत कुण्या महाराजांचं प्रवचन निघालं. दोन्ही बाजू ऐकाव्या लागल्या, नियम म्हणजे नियम. महाराजांच्या तबकडीचं कव्हर कुणाकडे गेलं असेल आणि त्याला आत काय मिळालं असेल, यावर आम्ही महिनाभर बोलत होतो.

अडचण एकच होती. अण्णा घड्याळं दुरुस्त करणारे. जगात कुठे एखादं यंत्र आहे म्हटलं की ते कसं चाललंय हे विचारल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. "तुझी मशीन काय म्हनती?" हा रविवारचा पहिला प्रश्न. बरी आहे म्हटलं असतं तर ऐकायला आले असते, म्हणून मी तिला आजार द्यायला लागलो. आधी रबराचं चाक घसरायला लावलं. मग मोटार गरम व्हायला लागली. एका पावसाळ्यात लाकूड फुगून झाकण उघडेना. अण्णा म्हणायचे, "आन इकडं, बघतो," आणि मी म्हणायचो, "उचलत नाही, फार जड आहे." ते येतो म्हणाले की माझ्या सासूबाई आजारी पडायच्या. त्या बिचाऱ्या भोकरदनला ठणठणीत होत्या आणि आपल्याला जालन्यात किती वेळा अर्धांगवायू होऊन गेला याची त्यांना खबरही नव्हती. शेवटी मी सुई झिजवली. मासिकात एका मशीनचं चित्र बघितलं होतं, तिच्या सुईला निळी टोपी होती. मी सांगितलं, आमची निळ्या टोपीची, आता मिळतच नाही. अण्णांनी 'निळी' असं एकदा स्वतःशी म्हटलं आणि पुढची तबकडी लावली, आणि मला वाटलं, सुटलो.

खरी मशीन का घेतली नाही, असं कुणी विचारेल. आधी पगार कमी होता. पगार वाढला तेव्हा दुकानातून मशीनच गायब झाल्या होत्या, आणि बायकोने कॅसेटचा टेप घेऊन टाकला होता. शिवाय घेतली असती तर ती वडिलांची, लाकडी, झाकणाची, निळ्या सुईची कुठून आणायची? खोटं इतकं बारकाव्याने बोललो होतो की खरं त्याच्या मापाचं मिळेना. आणि मला काय, रविवारी ऐकायला मिळत होतंच.

या सगळ्यात एक भलतंच झालं. माझं नाव झालं. अण्णा मधूनमधून प्रत्येकाला जुन्या तबकड्या आणायला सांगायचे आणि ट्यूबलाईटखाली तपासायचे. गुरुजींची मशीन म्हणजे पेटीतली, सेलवर चालणारी; तिची सुईची दांडी उड्या मारायची म्हणून गुरुजींनी दांडीवर चार आण्याचं नाणं चिकटवलं होतं. त्यांच्या तबकड्या बघून अण्णा म्हणायचे, "गुरुजी, ऐकता का नांगरता?" माझ्या तबकड्या मात्र आरशासारख्या. एक ओरखडा नाही. असणार कुठून? त्या अण्णांकडे एकदा वाजायच्या आणि मग माझ्या कपाटात साडीच्या फडक्यात झोपायच्या. इतक्या वर्षांत दोघांच्याही मनात आलं नाही की ज्या तबकडीवर काहीच उमटत नाही ती वाजतच नसेल. तबकड्या सांभाळणाऱ्या माणसाला ओरखडा नसणं म्हणजे प्रेम वाटतं. "ह्याच्या मालाला खोड न्हाई," असं अण्णा एकदा बोलून गेले, स्वतःचाच नियम मोडून. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी खोटं बोलत होतो हे खरोखर विसरलो.

मग अण्णांच्या बायको वारल्या. वर्षभराने लेकीने त्यांना हैदराबादला यायला सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरचं घर, दोन खोल्या, त्यात जावई, नातवंडं. दोनशेच्या वर तबकड्या तिथे नेणं शक्य नव्हतं. एका रविवारी खोडी काढून झाल्यावर अण्णा म्हणाले, "मशीन नेतो मी. नातवंडं ऐकतील काईतरी. तबकड्या इथंच ठेवायच्या हायेत. समद्या ह्यालाच देऊन राह्यलो."

ह्याला म्हणजे मला. गुरुजींचा चेहरा मी बघितला. त्यांना त्या तबकड्या माझ्यापेक्षा दसपट हव्या होत्या. पण ते म्हणाले, "बरोबर हाय अण्णा. माझ्याकडं मेल्या असत्या."

"पन आधी घर बघायला येनार," अण्णा म्हणाले. "लेकी द्यायच्या म्हनल्यावर घर बघावं लागतं. मशीन बघतो, सुई बघतो, मंग देतो. येत्या ऐतवारी."

सासूबाईंना आजारी पाडायला वेळ होता, पण मी 'या' म्हटलं. एकतर हाव सुटली होती. दोनशे तबकड्या. आणि दुसरं म्हणजे, त्या माणसाने माझ्यावर इतका विश्वास टाकला होता की आता खरं सांगितलं तर अकरा वर्षांचे सगळे रविवार खोटे ठरतील, अशी भीती वाटली. मी घाबरलो होतो, हेच खरं.

मंगळवारी रजा टाकून वाटूरला गेलो. तिथे पूर्वी लग्नात भोंगे लावणारा एक जण होता, त्याच्या काही तबकड्या मी घेतल्या होत्या. त्याच्याकडे मशीन होती. ज्वारीच्या कोठीचं झाकण उंदरांनी उघडू नये म्हणून त्यावर वजन ठेवलं होतं, ते म्हणजे ती.

"ही?" तो म्हणाला. "ही तर बंद पडून जमाना झाला."

"चालेल."

"मंग उंदरांचं काय करू?"

मी त्याला गावातून दगडी पाटा आणून दिला आणि मशीन मांडीवर घेऊन एस.टी.त बसलो. ती लाकडी नव्हती. करड्या पत्र्याची होती. झाकण नव्हतं. जालना येईपर्यंत मी गोष्ट जुळवली: लाकूड वाळवीने खाल्लं, म्हणून आतला जीव काढून या पत्र्यात घातला. घरी पोचून वायर लावली तर तबकडी फिरली, पण अशी हळू की हिरव्या साडीतली बाई कीर्तनकारासारखी बोलायला लागली. म्हटलं, हेही दुखणंच सांगू. दुखणी सांगायची मला सवय होती.

रविवारी अण्णा आणि गुरुजी आले. अण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्याला तेल होतं. मशीनवर बायकोचा भरतकामाचा रुमाल घातला होता. मी वाळवीची गोष्ट सुरू केली. अण्णांनी ऐकून घेतली, खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं, मशीन आडवी केली आणि तळाचे स्क्रू काढले. आतून ज्वारीचा मूठभर कोंडा आणि दाणे पडले.

"ह्यात दाने हायेत," ते म्हणाले.

मी म्हटलं, "उंदीर..."

"तेल वाळून दगड झालं. ही धा वर्सात फिरलेली न्हाई."

तेवढ्यात बायको पोह्यांच्या बशा घेऊन आली. तिला मी काही सांगितलं नव्हतं. मशीन का आणली हे विचारल्यावर 'असू दे' म्हटलं होतं. तिने बशा ठेवल्या आणि सरळ सांगितलं, "फिरेल कशी? ह्यांनी मंगळवारीच आणली वाटूरहून. आमच्याकडं कधी मशीन नव्हतीच."

गुरुजींनी उचललेला चमचा तसाच खाली ठेवला. अण्णांनी भिंग डोळ्यावरून काढलं. मी भिंतीकडे बघत होतो. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं.

"वडिलांची?" अण्णांनी विचारलं.

"वडिलांकडे फवारणीचा पंप होता," मी म्हटलं.

अण्णांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि काड्यापेटीएवढी एक डबी काढली. आत कापसावर एक सुई होती. निळ्या टोपीची.

"हैद्राबादला जावईबापूनं चार वर्स हुडकली ही," ते म्हणाले. "दर चिठ्ठीत मी लिहायचो, निळी पायजे, दुसरी नको. गेल्या मह्यन्यात एका म्हाताऱ्याकडं भेटली. मला वाटलं, तबकड्या द्यायच्या त्या दिवशी देऊ. मी अकरा वर्स तुझ्या मशीनला रात्रंदिवस औषध हुडकत व्हतो रे."

लाज वाटली म्हणजे काय, हे मला तोवर ठाऊक नव्हतं, असं म्हटलं तरी चालेल. मी मान खाली घालून बसलो. पोहे गार होत होते.

मग अण्णांनी विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. "मंग तुझ्या तबकड्या तू ऐकल्या कवा?"

"तुमच्याकडे. रविवारी."

"तवाच?"

"तेव्हाच."

"येकयेकदाच?"

"एकएकदाच."

खोट्यापेक्षा त्यांना हे जास्त लागलं. मशीन नव्हती हे ते पचवू शकत होते. कपाटात सव्वाशे तबकड्या एकदाच वाजून पडल्यात, हे पचेना. त्यांनी कपाट उघडायला लावलं. साडीच्या फडक्यातल्या त्या चकचकीत तबकड्यांकडे ते बघत उभे राहिले, आणि मग वळून म्हणाले, "गुरुजी, हातगाडी बघा. माझ्या तबकड्या तुमी न्या."

गुरुजी खरे माणूस. ते म्हणाले, "अण्णा, माझ्या दांडीवर नानं हाये. वर्सभरात वाट लागंल."

"लागू द्या. झिजतील तवर वाजतील तरी."

मला रडू आलं. तबकड्या गेल्याचं नव्हतं. गुरुजींच्या नांगराखाली त्या दोनशे तबकड्या जाणार हे दिसत होतं, आणि ते माझ्या कपाटापेक्षा बरं आहे, हेही दिसत होतं. अण्णा बाकीचे पोहे खाऊन उठले. ते दारात पायताणं घालत असताना मी विचारलं, "पुढच्या रविवारी येऊ का?"

"दुकान बंद व्हायला तीन ऐतवार हायेत," ते म्हणाले. "सकाळीच ये. तुझ्या समद्या घेऊन ये. व्हतील तेवढ्या दुसऱ्यांदा ऐकू."

त्या तीन रविवारांत आम्ही सकाळपासून दिवे लागेपर्यंत बसलो. अण्णांनी वाटूरची मशीन तिथे मागवून घेतली, तिच्यातला कोंडा काढला, तेल घातलं, निळी सुई तिला बसत नव्हती ती कानशीने घासून बसवली. पोहे आता आम्हीच करायचो आणि ते वाईट व्हायचे. पहिल्यांदा काढलेली खोड दुसऱ्यांदा चालणार नाही, नवी काढायची, असा अण्णांनी नियम केला. तबलेवाल्याची जल्दी संपली, आता पेटीवाला उशिरा आल्ता. सव्वाशेपैकी पन्नासच्या वर झाल्या, आणि मग अण्णा हैदराबादच्या गाडीत बसले.

गुरुजींची पुढे परतूरकडे बदली झाली. उरलेल्या तबकड्या मी घरीच, वाटूरच्या मशीनवर, एकेक करून दुसऱ्यांदा ऐकल्या. बायको आत काम करत असायची. तबकडी संपायची, दांडी मी उचलायचो, आणि कुणीतरी आता काहीतरी वाईट बोलेल म्हणून थोडा वेळ तसाच बसून राहायचो.